शिगेचं माप

२ मार्च १९३७

ही वही कंपनीने दिली. पुठ्ठ्यावर कापसाच्या गाठीचं चित्र आहे. अशा तीन आल्या. दोन शाळेत निघणाऱ्या दुकानासाठी आणि एक मास्तरांसाठी, म्हणजे माझ्यासाठी. काकासाहेब म्हणाले, "काय चाललंय ते लिहून ठेवत जा मास्तर. पुढंमागं कंपनी छापून काढंल." म्हणून लिहायला बसलो.

काकासाहेब हे जालन्याच्या एका जिनिंग कंपनीचे खरेदीदार. हिवाळ्यात परतूर स्टेशनाजवळ त्यांचा काटा लागतो आणि आमच्या गावचा सगळा कापूस तिथेच जातो. आज ते छकड्यातून थेट शाळेत उतरले. योजना अशी: शाळेत मुलांनी चालवायचं दुकान काढायचं, नाव बालभांडार. माल, तराजू, मापं, पाटी सगळं कंपनी पुरवील. नफा शाळेचा. वर्षभर नीट चाललं तर गवताचं छप्पर काढून पत्रे. मोहतमीम साहेब, म्हणजे शाळाखात्याचे अधिकारी, खूश आहेत. जिल्ह्यात असं दुकान कुठेच नाही.

कराराचा कागद मी दोनदा वाचला. 'दुकानाची मालकी व जबाबदारी विद्यार्थ्यांची.' वाचताना अभिमान वाटला. आमच्या लहानपणी आम्हाला कोणी खडूसुद्धा हातात दिला नव्हता.

घरी बायकोला, नंदाला, सांगितलं. ती म्हणाली, "पोरांना जबाबदारी कशाला? पोरांना छप्पर पाहिजे." बायकांना पुढचं दिसत नाही.

९ मार्च

दुकान उघडलं. मीठ, गूळ, काड्यापेट्या, पाटीवरच्या पेन्सिली. हात वर करून निवडणूक झाली. मॅनेजर कचरू, कडूबाचा मुलगा, चौथीत आहे. त्याला आई नाही, आजी झुंबरबाईने वाढवला. गल्ल्यावर कमरबी, अजमत पिंजाऱ्याची मुलगी, शाळेतली एकुलती एक मुलगी. हिशेबात ती सगळ्यांच्या पुढे.

२८ मार्च

आज हसून पुरेवाट झाली. कडूबा गूळ घ्यायला आला आणि रीतीप्रमाणे ढेपेचा एक खडा तोंडात टाकला. कचरूने तेवढाच खडा त्याच्या वजनातून काढून घेतला.

"बा, चाखलेला गूळ वजनात धरल्या जातो."

"ह्याच्या मायला! घरी माझी भाकर खातो आन् इथं मलाच मोजतो!"

कमरबी गल्ल्यावरून म्हणाली, "मॅनेजरसाब, त्यांच्या मिशीला लागलेला बी धरा." कडूबा स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसला. जाताना मला म्हणाला, "मास्तर, वाण्याकडं मी डोळे उघडे ठेवून जातो. इथं मिटून येतो."

ते वाक्य काकासाहेबांना सांगितलं. त्यांना फार आवडलं. दोनदा म्हणायला लावलं.

११ एप्रिल

अकरा मुलांना घेऊन जालन्याला जाऊन आलो. रेल्वेचं भाडं कंपनीने दिलं. मुलांनी यंत्रं पाहिली, दाबलेल्या गाठी पाहिल्या. गोदामात सरकीचा ढीग घराएवढा होता. गेल्या सालचा माल, म्हणाले. मुलं त्यावर चढली, घसरली. कचरूने खांद्यापर्यंत हात आत घातला.

"मास्तर, आतून गरम हाय. तव्यावरून काढलेल्या भाकरीवानी."

मीही हात घातला. खरंच गरम होतं. वासही जरा खवट, शिळ्या तेलासारखा. मुलांना तिथेच समजावून सांगितलं की बी जिवंत असतं, ते श्वास घेतं, म्हणून ऊब तयार होते. पुस्तकात वाचलेलं असं हाताला लागलं की मन प्रसन्न होतं. ढिगावरचा एक म्हातारा मजूर ऐकत होता. तो हसला आणि तंबाखू मळत निघून गेला. अडाणी माणसाला शास्त्राचं हसू येतं.

१७ एप्रिल

काकासाहेब नवी गोष्ट घेऊन आले. कंपनीजवळ लांब धाग्याच्या कापसाचं बियाणं आहे. ते गावाला फुकट द्यायचं, पण बदल्यात घरची सरकी घ्यायची. मापास माप. पुढच्या साली त्या कापसाला चढा भाव. अट एकच: गावातलं प्रत्येक घर सामील झालं पाहिजे. एका घराने जुनं पेरलं तर भेसळ होते, मग भाव कोणालाच नाही. आणि हे सगळं बालभांडारातून.

नमुन्याची थैली त्यांनी स्वतःच्या पिशवीतून काढली. मी लगेच हो म्हटलं नाही. मुलांना शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायला लावल्या.

२३ एप्रिल

शंभरातल्या एक्याण्णव उगवल्या. कमरबीने मोजल्या, कचरूने पुन्हा मोजल्या. आता शंकेला जागा नाही.

२ मे

सुट्टी असूनही मुलं रोज येतात. आज अदलाबदल सुरू झाली. पोती रात्रीच येऊन पडली होती.

मापावरून थोडं बोलणं झालं. इकडे धान्य विकताना पायली काठापर्यंत भरून वरून हात फिरवतात. पण बियाणं देताना हात फिरवत नाहीत. वर टोक येईपर्यंत ओतायचं. त्या टोकाला शीग म्हणतात, आणि बियाण्याची शीग मोडली तर पीक मोडतं असं गाव मानतं. काकासाहेब म्हणाले, "घेताना शीग घ्या, देताना सपाट द्या. धंदा असाच असतो, मॅनेजरसाहेब."

कचरू म्हणाला, "बियाची शीग मोडत न्हाईत, काका."

"अरे, पण खर्चा कोन सोसंल?"

"घेऊन राह्यलो तशीच देणार. न्हाईतर मी मापाला हात लावत न्हाई."

मला वाटलं, आता चिडणार. पण काकासाहेब हसले. "ठीक हाय. शीग तर शीग. हे बियाणं पायजे तितकं दे." इतक्या चटकन मान्य केलं की त्यांच्या दिलदारपणाचं नवल वाटलं.

प्रत्येक घराला चिठ्ठी: 'बियाण्याची हमी, बालभांडार', खाली कचरूचं नाव. मी सही करणार होतो. काकासाहेब म्हणाले, मालक पोरं आहेत, पोरांचंच नाव शोभतं.

१६ मे

एक घर सोडून सगळं गाव झालं. राहिलं ते कचरूचंच. झुंबरबाई ऐकत नाही. तिची सरकी मडक्यात आहे, राखेत घोळलेली, वरून निर्गुडीचा पाला. बाकीचे लोक लिंबाचा पाला घालतात. निर्गुडी ही तिच्या माहेरची, शहागडची रीत. दरवर्षी गोदाकाठाहून ती स्वतः पाला आणते.

आज कचरू एकटाच आला. हातात गोणपाटाचा ओला तुकडा. तिने शेजाऱ्याकडून नव्या बियाण्यातले वीस दाणे मागून घेतले होते.

"आजीनं लावल्ते मास्तर. वीसातले तीनच आले."

मी पाहिलं. तीनच होते. बाकीचे दाबले तर आतून काळपट पीठ निघालं. मी ते दाणे पुन्हा गोणपाटात झाकले, ते इथे खरं लिहून ठेवतो.

मग विचार केला. मे महिन्याचं ऊन. म्हातारीकडून गोणपाट वाळलं असेल. आणि आपण शंभर लावल्या होत्या, तिने वीस. मी कचरूला जवळ बसवून हे सगळं शांतपणे सांगितलं. छडीला हात लावला नाही. विचारलं, "एक्याण्णव कोणी मोजल्या?"

"मीच."

"मग स्वतःच्या मोजणीवर भरवसा नाही?"

त्याने गोणपाट उलगडून पुन्हा पाहिलं. मग म्हणाला, "आजी चुकत न्हाई पण."

"आजीने पुस्तक वाचलं नाही रे. आणि मॅनेजरचंच घर मागे राहिलं, तर साऱ्या गावाचा भाव जाईल. लोक तुझंच नाव घेतील."

त्याने गोणपाट नीट घडी करून कंबरेला खोचलं आणि गेला. चुणचुणीत पोरगा आहे. समजावलं की समजतं.

१८ मे

शेवटचं घर आलं! झुंबरबाई आज वाटूरच्या बाजाराला गेली होती. कचरूने सकाळीच त्यांची सरकी आणली, चार पायल्या. बदल्यात नव्या बियाण्याच्या चार पायल्या शिगेसकट मोजून नेल्या. म्हातारीने मन मोठं केलं. काकासाहेबांना निरोप पाठवला. दुपारी कंपनीच्या गाड्या गावची सरकी घेऊन गेल्या.

२७ जून

पेरण्या झाल्या. बायकांनी सरकी शेणात चोळून, वाळवून दिली, तिफणी चालल्या. झुंबरबाईने अर्ध्या रानात पेरलं. अर्धं बी ती दुसऱ्या पावसासाठी राखून ठेवते, हीही तिची रीत.

४ जुलै

आठवा दिवस. एकाही रानात मोड नाही. पाऊस बेताचा आहे. उशिराने येईल.

७ जुलै

अजमत पिंजारी शाळेपुढून जाताना थांबला. एरवी तो मला दुरून सलाम करतो. आज म्हणाला, "मास्तर, मी जिंदगीभर रुई पिंजतो. सरकी हातात घेतली की कळतंय. कमरबीला म्या तव्हाच बोल्लो, हे ढिगात तापून मेलेलं, मुर्दा हाय. तर म्हणती, मास्तरांनी मोजलंय."

मी म्हटलं, मग गावाला का सांगितलं नाही?

"पिंजाऱ्याचं कोन ऐकतंय, मास्तर, शाळेची चिठ्ठी असल्यावर?"

कमरबी आज आली नाही.

८ जुलै

झुंबरबाई शाळेत आली. मडकं डोक्यावर घेऊन. वर्गाच्या मधोमध तिने ते पालथं केलं. अर्धी राहिलेली सरकी पसरली.

"मास्तर, माझ्या मडक्यातला पाला कुठं गेला?"

मला आधी कळेचना. ती म्हणाली, "पह्यल्यांदा मूठ काढली तव्हा अंधारात बघितलं न्हाई. शेणात कालवलं, पेरलं. आज बुडापर्यंत हात घातला. पाला न्हाई, राख न्हाई. हे माझं बी न्हाई."

सगळी मुलं कचरूकडे बघत होती. तो उभा राहिला. "मी बदलून आणलं, आजी. तू बाजारला गेल्ती तव्हा. चार पायल्या. शिगेनं."

ती त्याला मारील असं वाटलं. तिने मारलं नाही. खाली बसून सरकी पुन्हा मडक्यात भरू लागली, तीही एकेक मूठ, जणू कामाचीच आहे. कचरू तिच्या शेजारी बसून भरू लागला. मी वर्ग सोडून दिला.

मला तो म्हणाला होता की आजीने दिली. नाही. आत्ता मागे वाचून पाहिलं. तसं तो म्हणालाच नव्हता. मी लिहिलं.

१४ जुलै

काकासाहेब आले. पाटील भुजंगरावांच्या ओट्यावर गाव जमलं. "बियाणं खराब नव्हतं, पेरणी आगाप झाली, पुरती ओल नव्हती," असं ते म्हणाले. तरी कंपनीला गावाची काळजी आहे, म्हणून दुसरं बियाणं आणलं आहे. या वेळी मात्र विकत, बालभांडारातूनच, सपाट मापाने. कंपनी दुसऱ्यांदा नुकसान सोसणार नाही.

पोती फोडली. झुंबरबाईने एकात हात घातला, दुसऱ्यात घातला. तिसऱ्या पोत्यातून मूठ वर आली तेव्हा बोटांत सरकीबरोबर वाळलेली पानं होती. तिने ती नाकाशी नेली आणि मग काकासाहेबांच्या पुढे धरली.

"म्हातारे, निर्गुडी काय तुझ्या एकटीच्याच घरी हाय?"

"ह्या गावात माझ्याच घरी हाय, साहेब."

कडूबाने मुठी आवळलेल्या मी पाहिल्या. मग एक जण म्हणाला, "भांडत बसलं तर रानातली ओल जाईल." आणि माणसं एकेक करून पोत्यांपाशी आली. ज्यांनी ते बी साठवलं होतं तेच ते विकत घेत होते. माझ्याही ते लक्षात आलं. पण ओल जात होती, हेही खरं होतं.

माप कचरूच्या हातात. मी जवळ जाऊन म्हटलं, "सपाट भर." त्याने ऐकलं, आणि पायलीवर टोक येईपर्यंत ओतलं.

"कचरू, सपाट सांगितलंय."

"बियाची शीग मोडत न्हाईत, मास्तर."

काकासाहेब पाटलांकडे जेवायला गेले होते. मी तिसऱ्यांदा बोललो नाही. संध्याकाळपर्यंत त्याने साऱ्या गावाला शीग दिली. त्याच्या मापाखाली पदर धरताना बायका त्याच्या तोंडाकडे बघत नव्हत्या.

१६ जुलै

पोत्यांचा मेळ बसत नाही. अकरा पायल्या कमी. शीग गेली तेवढी.

२० जुलै

चावडीत बोलावलं होतं. काकासाहेब, भुजंगराव, तालुक्याचा एक कारकून. काकासाहेबांनी मार्चचा कागद वाचला: मालकी व जबाबदारी विद्यार्थ्यांची. हमीच्या चिठ्ठ्यांवर नाव कोणाचं? कचरूचं. माप कोणी केलं? कचरूने.

कडूबा म्हणाला, "साहेब, अकरा वर्सांचं पोरगं हाय ते."

"म्हणूनच कंपनी दया करून राह्यली, कडूबा. दुसरा कोनी असता तर जेलात असता. पोराला एक हंगाम जालन्याला धाडा. गोदामात राहील, खाईल, फिटलं की घरी येईल. धंदा बी शिकंल."

मग माझ्याकडे कागद सरकवला. फक्त झालं ते लिहायचं. मी लिहिलं: 'माप कचरूने केले. सपाट मापाची सूचना त्याला दोनदा देण्यात आली होती. शीग त्याने स्वतःच्या मनाने दिली.' लिहून तीनदा वाचलं. एकही शब्द खोटा नाही.

बाहेर आलो तेव्हा झुंबरबाई चिंचेखाली बसली होती. मला बघून तिने तोंड फिरवलं नाही, त्यानेच जास्त जड गेलं.

नंदाने विचारलं, "काय लिहून दिलंत?" मी सांगितलं.

"आणि ओल्या गोणपाटाचं?"

"ते त्यांनी विचारलं नाही."

ती उठून चुलीपाशी गेली.

२३ जुलै

कचरू आज गेला. आधी शाळेत येऊन दुकानाची किल्ली दिली. पायली राखेने घासून लख्ख केली होती. पालथी घालून ठेवली.

"मास्तर, एक विचारू?"

"विचार."

"आजीचं वीसातलं तीन. ते बराबर होतं ना?"

छकडं बाहेर उभं होतं. मी म्हटलं, "जा, गाडी चुकेल."

तो गेला. परतूरची गाडी तीन वाजता असते. तेव्हा अकराही वाजले नव्हते.

३० जुलै

दुसरी पेरणी उगवली. झुंबरबाईच्या रानात मोड नाही. तिने विकत घेतलं नव्हतं.

१९ सप्टेंबर

पत्रे आले. तीन दिवसांत छप्पर झालं. मोहतमीम साहेब स्वतः येऊन गेले, भिंतीवर कंपनीचं नाव रंगवलं. पटावर एकतीस मुलं आहेत, येतात नऊ. कमरबीचं नाव कमी केलं. पाऊस आला की पत्र्यावर एवढा आवाज होतो की शिकवता येत नाही. नऊ मुलं आणि मी, थांबायची वाट बघत बसतो.

बालभांडारात मीठ विकत घ्यायलासुद्धा कोणी येत नाही.

२८ नोव्हेंबर

जालन्याला कंपनीने पाच गावांच्या मास्तरांना बोलावलं होतं. पुढच्या साली तिथेही बालभांडार निघणार. आमच्या अनुभवावर मी बोलायचं होतं. बोललो. टाळ्या पडल्या. कडूबाच्या 'डोळे मिटून येतो' या वाक्याची काकासाहेबांनी खुणेने आठवण करून दिली, म्हणून तेही सांगितलं.

नंतर सगळ्यांना गोदाम दाखवलं. नव्या हंगामाचा ढीग. त्यावर पाच-सहा पोरं फावड्यांनी सरकी वरखाली करत होती. त्यांत कचरू होता. उंच झाला आहे. केसांत, भुवयांत रुई, म्हाताऱ्यासारखी. मी पुढे झालो. ढिगात हात घालायला वाकलो.

"हात नका घालू, मास्तर," तो म्हणाला. "गरम हाय."

"हंगाम कधी संपतो तुझा?"

"त्यांचं काय ठरलंय ते तुमाला ठाऊक. कागद तुमी लिहिलाय."

रागाने म्हणाला नाही. मुकादमाने हाक मारली आणि तो फावडं घेऊन वर चढला. मागे वाटूरकडचे एक तरुण मास्तर विचारत होते की सरकी गरम का असते. मी म्हटलं, बी जिवंत असतं.

५ डिसेंबर

गेल्या आठवड्यात काकासाहेबांचा निरोप आला. वही छापायला द्यायची, पाच गावांच्या मास्तरांना वाटायची. अक्षर नीट नाही म्हणून नव्या वहीत उतरवून काढतो आहे. चार दिवस झाले. मार्च आणि एप्रिल जसेच्या तसे घेतले.

सोळा मे घेतला नाही. त्याच्या आधी दोन मे आहे, नंतर अठरा. मधले दिवस मी एरवीही पुष्कळ सोडलेले आहेत, तेव्हा वाचणाऱ्याला काही जाणवणार नाही.

अठरा मे तसाच ठेवला. 'शेवटचं घर आलं!' वाचायला चांगलं वाटतं.